पंचशील करारातील सहा खिंडी

२९ एप्रिल १९५४ च्या भारत-चीन कराराची चर्चा बहुधा प्रास्ताविकातील पाच तत्त्वांपाशीच थांबते. वस्तुतः त्याचे मर्म चौथ्या कलमात आहे. शिपकी ला, माना, नीती, कुंगरी बिंगरी, दारमा व लिपुलेख या खिंडींतून व्यापाऱ्यांनी व यात्रेकरूंनी जावे-यावे, एवढेच तेथे म्हटले आहे. खिंडी कोणाच्या, हे नाही! वाक्याचा कर्ता यात्रेकरू. सार्वभौम सत्ता अध्याहृत. चीन सरकार या खिंडी खुल्या करीत आहे, अशा आशयाचा मूळ चिनी मसुदा भारतानेच नाकारला होता. म्हणजे प्रश्न दिल्लीस दिसत होता. तथापि नामनिर्देशातच सीमेची मान्यता आली, असे आपण मानले. सीमा कधीच औपचारिकरीत्या आखली गेलेली नाही, असे चाउ एन-लाय यांनी २३ जानेवारी १९५९ च्या पत्रात कळविले. कराराच्या शब्दांत त्याला उत्तर नव्हते.