कवीने कवीला दिलेली दाद

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्लंडात ग्रंथारंभी मित्रकवींची प्रशस्तिपद्ये छापण्याचा जो शिरस्ता होता, त्यातील बहुतेक मजकुराची किंमत शिफारसपत्रापेक्षा अधिक नाही. आश्रयदात्याची मर्जी बसावी, पुस्तकविक्याचा माल खपावा आणि लिहिणाऱ्याचेही नाव चार मान्यवरांच्या पंगतीत लागावे, एवढ्यासाठीच ती पद्ये जन्मास आली. १६११ साली टॉमस कोरिएटच्या प्रवासवर्णनास पन्नासांहून अधिक जणांनी थट्टेची स्तुतिपद्ये जोडली, तेव्हा या रिवाजाची व्हायची ती शोभा झाली. तथापि याच दप्तरात पाच-सहा कविता अशा आहेत की ज्यांवाचून इंग्रजी काव्यसमीक्षेचा आरंभकाळ मला अपुरा वाटतो. कारण त्यांत स्तुती करणाऱ्याने आपला मतभेद गिळलेला नाही, आणि ज्याचा गौरव करावयाचा त्याच्या रचनेशी स्वतःच्या रचनेनेच सामना दिला आहे.

शेक्सपियरच्या नाटकांच्या १६२३च्या संग्रहास जोडलेली बेन जॉन्सनची कविता यांत अग्रगण्य होय. १६१८ साली पायी स्कॉटलंडला गेलेल्या जॉन्सनने विल्यम ड्रमंडशी गप्पा मारताना शेक्सपियरमध्ये कलेची उणीव असल्याचा शेरा मारला होता आणि यजमानाने तो टिपून ठेवला होता, हे ध्यानी घेऊन ही कविता वाचली म्हणजे तिच्यातील प्रत्येक पायरी किती विचाराने टाकली आहे हे कळते. अज्ञान, आंधळा लोभ आणि मत्सर हे तिघेही स्तुतीचा आव आणू शकतात, असे बजावून तो प्रथम जागा साफ करतो. शेक्सपियरचे लॅटिन-ग्रीकचे ज्ञान बेताचे होते हे न लपविता पुढे ग्रीक शोकांतिकाकारांनाच साक्षीस पाचारण करतो. आणि निसर्गदत्त प्रतिभेचा गौरव ऐन भरात आला असता मध्येच थबकून, ऐरणीवर ओळ पुन्हा तापवून घाव घालण्याचे कष्ट या कवीनेही उपसले होते, असे ठासून सांगतो. खासगीतील शेऱ्याची अशी जाहीर दुरुस्ती करावयास मोठे मन लागते. डनच्या बाबतीतही तेच: छंदातील आघातांची हेळसांड केल्याबद्दल डन फाशीस पात्र आहे असे ड्रमंडपाशी बोलून दाखविणारा हाच जॉन्सन स्वतःचे एपिग्राम पारखण्यासाठी डनकडेच धाडतो आणि त्यांतील एकावर जरी त्याच्या पसंतीची खूण पडली तरी आपणांस धन्य मानतो.

डनचा मृत्यू १६३१चा. दोन वर्षांनी निघालेल्या त्याच्या कवितासंग्रहात टॉमस कॅर्यूची विलापिका आहे. तीत युक्तिवाद आणि छंद यांची जी गाठ पडली आहे ती मला विशेष मोलाची वाटते. डनने भाषेची ताठर कांब वाकविली, हे सांगताना कॅर्यूची वाक्ये यमकाचा बांध ओलांडून पुढच्या ओळीत घुसतात, म्हणजे वर्णन आणि प्रात्यक्षिक एकाच वेळी घडते. डनने हद्दपार केलेली जुनी दैवते आता पुन्हा कवितेत शिरतील, अशी भीती तो घालतो. आणि अखेरच्या स्मृतिलेखात मात्र त्याचा स्वतःचाच अपोलो येऊन उभा राहतो. ही विसंगती म्हणजे त्याच्या भीतीचा पहिला दाखला, असे मी समजतो.

काउलीने क्रॅशॉवर लिहिलेल्या विलापिकेत पंथभेद ओलांडणारे औदार्य आहे, पण काव्यविचार थोडा. मार्व्हेलचे तसे नाही. लॅटिन पत्रव्यवहाराच्या सरकारी कचेरीत मिल्टनचा सहकारी राहिलेला हा कवी ‘पॅराडाइज लॉस्ट’च्या १६७४च्या आवृत्तीस जोडलेल्या कवितेत आरंभीच्या बऱ्याच ओळी शंकांनाच देतो: हा अंध पुरुष पवित्र सत्याची नासाडी तर करणार नाही ना, असे त्यास वाटले होते. यमकाचा उघड धिक्कार करणाऱ्या मिल्टनची स्तुती तो यमकातच करतो आणि त्यापायी मनातला शब्द टाकून दुसरा घ्यावा लागल्याची कबुलीही देतो. मिल्टनच्या निर्यमक छंदाची इतकी नम्र आणि इतकी नेमकी पावती दुसऱ्या कोणी दिलेली माझ्या पाहण्यात नाही.

ड्रायडनने ओल्डमवर १६८४ साली लिहिलेल्या २५ ओळी मी या सर्वांहून वर ठेवतो. तिशीत देवीच्या रोगाने गेलेल्या या उपरोधकाराची लय खडबडीत होती, हे पन्नाशी ओलांडलेला ड्रायडन सरळ सांगतो. परंतु वयाने येणाऱ्या यमकमाधुर्यासच तो निस्तेज ठरवितो, आणि ते ठरविण्यासाठी नेमकी तिसरी सयमक ओळ जोडून ती लांबवितो, तेव्हा दोष कोणाच्या पदरी पडला याचा वाचकाने विचार करावा. हाच ड्रायडन दहा वर्षांनी काँग्रीव्हला शेक्सपियरच्या बरोबरीस बसवितो, तेथे तोल सुटला आहे; मात्र आपल्या पश्चात आपली कीर्ती सांभाळ, ही त्या कवितेतील विनंती काँग्रीव्हने मानली, आणि १७१७ साली ड्रायडनची नाटके संपादून काढताना अर्पणपत्रिकेत तिचा उल्लेखही केला.