कच्चे मडके आणि आध्यात्मिक भूक

‘आध्यात्मिक भूक’ हा शब्दप्रयोग आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्याच्या अर्थाविषयी कोणी शंका घेतल्यास ते उगाच काढलेले खुसपट वाटावे. प्रवचनकार सांगतात की, ही भूक प्रत्येक माणसास असतेच. उलट पक्षी, सुशिक्षित घरांतून असेही पुष्कळ सज्जन भेटतात की, जे प्रामाणिकपणे म्हणतात, “आम्हांस अशी भूक कधी लागलीच नाही, संसार, काम आणि चार चांगले ग्रंथ एवढ्याने आमचे भागते.” पहिल्या पक्षाचे खरे मानावे, तर ह्या सज्जनांस खोटे ठरवावे लागते, दुसऱ्याचे खरे मानावे, तर संतांची तळमळ ही मोजक्या माणसांची एक प्रकृती एवढाच तिचा अर्थ उरतो. आमच्या मते हा पेच शब्दामुळे पडला आहे, आणि तो सोडविण्यास धाराशिव जिल्ह्यातील एका कुंभाराची जुनी कथा फार उपयोगी पडते.

प्रथम शब्दाचाच विचार करू. पोटाची भूक ज्याची त्यास आपोआप कळते. ती सर्वांस लागते. आणि अन्न मिळाले म्हणजे शमते. हीच तीन लक्षणे आपण नकळत आत्म्याच्या भुकेवर लादतो, आणि मग ती अमक्यास का कळत नाही म्हणून कोड्यात पडतो. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे जे चार प्रकार सांगितले आहेत, ते आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी असे आहेत. दुःखाने पोळलेला, जाणू इच्छिणारा, काही मागावयास आलेला आणि जाणलेला अशा चौघांस तेथे जागा आहे. म्हणजे ईश्वराकडे वळण्याची वाट एकाच जातीच्या भुकेतून जाते, असे आपल्या परंपरेने मानलेले नाही.

आता ती कथा. तेरणा नदीच्या काठचे तेर हे गाव मातीचे गाव म्हणून फार जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक व्यापारी-वृत्तांतात ‘तगर’ म्हणून ज्या बाजारपेठेचा उल्लेख येतो, ती हीच; आणि तेथील मातीतून निघालेल्या मूर्ती व भांडी आज गावातील रामलिंगप्पा लामतुरे ह्यांच्या नावाच्या संग्रहालयात पाहावयास मिळतात. ह्याच गावी गोरोबा कुंभार होऊन गेले. परंपरा त्यांचा काळ सन १२६७ ते १३१७ असा सांगते. त्यांची समाधीही तेथेच आहे. महिपतींनी १७६२ साली पुऱ्या केलेल्या ‘भक्तविजया’त त्यांचे चरित्र विस्ताराने आले आहे, आणि मडक्यांच्या परीक्षेची कथा तर मराठी घरांत लहान मुलांसही ठाऊक आहे.

संतमंडळी जमली होती. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई, नामदेव अशी सारी बसली असता, ह्यांतील पक्के कोण व कच्चे कोण हे पाहावे, असे गोरोबाकाकांस सांगण्यात आले. काकांनी आपले थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर मारीत चालले. बाकीचे स्वस्थ बसून राहिले. नामदेवांस मात्र ते सोसले नाही. त्यांनी तक्रार केली, आणि काकांनी निर्णय दिला की, हे मडके कच्चे आहे. नामदेव रडत पंढरीस गेले. विठ्ठलाने त्यांची समजूत घातली नाही. उलट गुरू करावा असे सांगून त्यांस विसोबा खेचरांकडे धाडले. विसोबा देवळात शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेले आढळले. जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव, एवढेच त्यांनी म्हटले, आणि नामदेवांस तशी जागा सापडली नाही.

ही कथा अहंकार गळून पडल्याची कथा म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि आमचे लक्ष निराळ्या गोष्टीकडे आहे. थापटण्याचा मार बसण्यापूर्वी नामदेवांस भूक होती काय? मुळीच नव्हती. ज्याच्या हातचा नैवेद्य देवाने लहानपणी खाल्ला, ज्याच्याशी देव बोलतो, त्यास आणखी काय हवे असणार? त्या मंडळीत सर्वांत तृप्त कोणी असेल तर ते नामदेव होते. आणि उणीव निघाली ती त्यांच्याच ठायी. देवाधर्माचे काहीच नसलेल्या माणसास ती भूक लागत नाही, अशी आपली समजूत असते. ही कथा दाखविते की, देवाधर्माचे पुष्कळ असलेल्या माणसासही ती लागत नाही. भूक झाकून टाकावयास तृप्तीसारखे दुसरे साधन नाही, मग ती तृप्ती ग्रंथांची असो, पूजेची असो, की संसाराची असो.

कुंभाराच्या धंद्याची एक माहिती येथे आवश्यक आहे. थापटणे हे परीक्षेचे साधन नव्हे. भाजलेले मडके पारखावयाचे झाल्यास बोटाने वाजवून पाहतात. थापटणे चालते ते ओल्या, अर्धवट सुकलेल्या मडक्यावर. आतून गोटा धरावयाचा आणि बाहेरून ठोकीत ठोकीत मडके मोठे व पातळ करावयाचे. भाजलेल्या मडक्यावर ते जोराने चालविले तर मडके फुटेल. म्हणजे ज्याला ‘कच्चे’ म्हटले, त्यातूनच अजून काही घडावयाचे होते. पुढचा इतिहास ह्यास साक्ष आहे. नामदेव पंजाबापर्यंत गेले. घुमान येथे त्यांचे स्थान आहे. शिखांच्या ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्या बैठकीतील पक्क्या मंडळींपैकी इतक्या दूरवर कोणी गेले नाही.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो टाळता येणार नाही. ही भूक इतकी थोर, तर गोरोबांच्या घरी तिने काय केले? भजनाच्या तंद्रीत चिखल तुडविताना स्वतःचे तान्हे मूल पायाखाली आले, हे त्यांस कळलेही नाही. त्यांची पत्नी संती ह्या तंद्रीपुढे हात जोडून उभी राहत नाही; ती संतापते, बोल लावते, आणि नवरा मारावयास धावला असता त्यालाच विठ्ठलाची शपथ घालते. आमच्या मते महिपतींच्या कथेचे मोठेपण येथे आहे. आईचा आकांत त्यांनी झाकला नाही, आणि गोरोबांची तंद्री हीच शेवट मानली नाही. पुढे पंढरीस नामदेवांच्या कीर्तनात गोरोबांचे तुटलेले हात परत येतात आणि मूलही आईस परत मिळते, तेव्हाच कथा पुरी होते. जी भूक दुसऱ्याचे मूल तुडविते, तिचे देणे फिटल्यावाचून तिला पक्की म्हणावयाचे नाही, असा न्याय ह्या कथेने स्वतःच दिला आहे.

दुसरा आक्षेप असा की, हे सारे पोट भरलेल्यांचे विलास आहेत. पण चिखल तुडविणारा कुंभार, कपडे शिवणारा शिंपी, दळणकांडण करणारी दासी, ही माणसे फुरसतीची नव्हती. आणि उपाशी राहिल्याने ही भूक जागते, असेही कोणी म्हणू नये. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मराठवाड्यास भाकरीच हवी होती.

ह्याच जिल्ह्यात तुळजापूरच्या भवानीच्या नावाने चालणारा जोगवा ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. घरात धान्य असलेली बाईसुद्धा हाती परडी घेऊन मंगळवारी-शुक्रवारी पाच घरी मागावयास जाते. ज्यांस उणे नाही त्यांनीही काही वेळ उणे होऊन पाहावे, अशी ही योजना दिसते. एकनाथांनी त्याच जोगव्याचे भारूड केले. परडी तीच ठेवून मागणे मात्र पालटले.

तेव्हा ही भूक सर्वांस लागते काय? लागू शकते, असे आम्ही म्हणू; जाणवते, असे म्हणणार नाही. माती सर्वांची एक आहे. पण थापटणे कोणावर केव्हा बसेल ह्याचा नेम नाही. कोणास ते मरणाने बसते, कोणास अपमानाने, कोणास एखाद्या प्रश्नाने. ज्यास ते बसले नाही त्यास हीन समजण्याचा अधिकार कोणासही नाही. गोरोबांनीही सांगितल्यावरच ते हाती घेतले होते. “आम्हांस भूक नाही” म्हणणाऱ्या सज्जनांस आमची एवढीच विनंती आहे की, आपण बैठकीतील इतर संतांसारखे शांत आहोत, की मारापूर्वीच्या नामदेवांसारखे तृप्त, हे त्यांनी आपल्याशीच विचारून पाहावे. बाहेरून पाहणाऱ्यास ही दोन्ही सारखीच दिसतात.