मुलाम्याचे मोल

मराठीत ‘मुलामा’ हा शब्द बहुधा हलक्या अर्थाने येतो; वरून एक आणि आतून दुसरे, म्हणून काहीसे फसवे, अशी त्याची छटा आहे. फ्रान्सच्या रौप्यकलेत मात्र गेल्या पावणेदोनशे वर्षांतले सर्वांत व्यापक कीर्तीचे घराणे, क्रिस्तोफ्ल, उभे राहिले ते मुलाम्याच्याच बळावर. पॅरिसच्या म्यूझे दे आर देकोरातीफ या उपयोजित कलांच्या संग्रहालयात १४ नोव्हेंबर २०२४ ते २० एप्रिल २०२५ या काळात भरलेल्या प्रदर्शनाने या घराण्याची सुमारे हजार वस्तूंमधून मांडणी केली आणि त्यांत ताटवाट्यांबरोबरच दागिने, फर्निचर, चित्रे, आरेखने व जाहिरातींची भित्तिपत्रकेही होती. अशा प्रदर्शनांत कारागिराच्या हाताचा गौरव ठरलेला असतो. पण क्रिस्तोफ्लच्या बाबतीत हात नेमका कुठे होता, हा प्रश्न त्या गौरवापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे.

शार्ल क्रिस्तोफ्ल (१८०५–१८६३) हा मुळात जडजवाहिराच्या व्यवसायातला. त्याची पेढी १८३० सालची, परंतु तिचे भवितव्य ठरले १८४२ मध्ये, जेव्हा त्याने विजेच्या साहाय्याने सोन्याचांदीचा थर चढवण्याच्या पद्धतीचे हक्क विकत घेतले. त्यांत बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन बंधूंची आणि फ्रेंच रसायनज्ञ आंरी द रुओल्झ यांची पेटंटे होती. या पद्धतीत वस्तू चांदीच्या क्षारांच्या द्रावणात बुडवून विद्युतप्रवाहाच्या ऋण टोकाला जोडतात, धन टोकाला चांदीचा पत्रा लावतात, आणि प्रवाह सुरू होताच पत्र्यातली चांदी द्रावणातून प्रवास करून वस्तूवर बसते. त्याआधी सोन्याचा मुलामा पाऱ्याच्या साहाय्याने दिला जाई. सोने पाऱ्यात विरघळवून फासायचे आणि आचेवर पारा उडवून लावायचा, आणि तो उडताना कारागिराच्या फुप्फुसांत जायचा. विजेच्या पद्धतीने त्याची या विषारी वाफेतून सुटका केली, म्हणूनच फ्रेंच विज्ञान अकादमीने या शोधाशी निगडित संशोधकांचा सन्मान केला. नव्या द्रावणात सायनाइड असते, हे त्या सन्मानाच्या उत्साहात फारसे कुणाला खटकलेले दिसत नाही.

मुलाम्याखालचा धातू बहुतेक वेळा ‘मायशोर’ असे; तांबे, जस्त आणि निकेल यांच्या या मिश्रधातूला आपल्याकडे जर्मन सिल्व्हर म्हणतात. तो मूळचाच पांढरट असल्याने वरची चांदी झिजली तरी खालचा रंग तांब्यासारखा भडकपणे डोळ्यांत भरत नाही. फ्रेंच कायद्याने भरीव चांदीच्या आणि मुलाम्याच्या वस्तूंवरचे कारागिराचे शिक्के वेगळे ठेवले आहेत. भरीव चांदीवर तो समभुज चौकटीत तिरका, म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराचा, तर मुलाम्यावर चौरस असतो. म्हणजे क्रिस्तोफ्लचा मुलामा कधीच लपवाछपवीचा नव्हता, तो शिक्क्यानिशी मुलामा म्हणूनच विकला जात होता.

या उघडपणाचे मोल फ्रान्सच्या इतिहासात पाहिले म्हणजे कळते. चौदाव्या लुईने १६८९ मध्ये युद्धखर्चासाठी व्हर्सायमधले चांदीचे फर्निचर वितळवले, पंधराव्या लुईने १७५९ मध्ये दरबारी भांडी टांकसाळीत पाठवली, आणि राज्यक्रांतीने उरल्यासुरल्याची वाट लावली; त्यामुळे जुनी फ्रेंच रौप्यकला आज नमुन्यांपेक्षा वर्णनांतच अधिक सापडते. भरीव चांदीचे भांडे हे नेहमीच एक अडकवून ठेवलेले चलन असते, आणि अडचणीत आलेला मालक त्यावरचे नक्षीकाम पाहत नाही, वजन पाहतो. मुलाम्याच्या भांड्याला वितळवून फारसे काही हाती लागत नाही. तिसऱ्या नेपोलियनने शंभर माणसांच्या पंगतीसाठी मेजाच्या मधोमध मांडायचा जो भव्य शिल्पसमूह क्रिस्तोफ्लकडून १८५२ ते १८५८ या काळात करवून घेतला, तो चांदीचा मुलामा दिलेला होता. १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनच्या अखेरच्या दिवसांत त्विलेरी राजवाडा जळाला, ढिगाऱ्यातून हा समूह होरपळलेल्या अवस्थेत बाहेर काढला गेला, आणि आज तो याच संग्रहालयात आहे.

शार्लचा भाचा, रसायनज्ञ आंरी बुइए (१८३०–१९१०), याने पुढची पायरी गाठली. साच्याच्या आतल्या बाजूला विजेने तांब्याचा जाड थर जमवून साचा काढून टाकला की पूर्ण उंचीची पोकळ मूर्ती उरते. या विद्युत-ओतकामातून पॅरिसच्या ऑपेरागृहाच्या माथ्यावरचे शार्ल ग्यूमेरीचे सोनेरी शिल्पसमूह घडले आणि मार्सेयच्या नोत्र-दाम द ला गार्द चर्चवरची ११.२ मीटर उंचीची मेरी (१८७०) देखील. भांडी घडवणाऱ्या कारखान्याने शहरांची क्षितिजे घडवावीत, ही या घराण्याच्या चरित्रातली सर्वांत विलक्षण गोष्ट होय. १८८२ मध्ये बहावलपूरच्या नवाबाने मागवलेला चांदीने मढवलेला पलंग, ज्याच्या चार कोपऱ्यांवर यंत्राने हालणाऱ्या पूर्णाकृती स्त्रिया होत्या, त्याची चर्चा नेहमीच अधिक होते. कलादृष्ट्या तो एक महागडा चाळा होता, इतकेच.

विसाव्या शतकातले उत्तम काम याउलट संयमाचे आहे. क्रिस्टियन फ्येरडिंगस्टाड या डॅनिश रौप्यकाराचे हंसाकृती रस्सापात्र, ल्युक लानेलने ‘नॉर्मंडी’ जहाजासाठी (१९३५) केलेली भांडी, लीनो साबातीनीचा १९५०च्या दशकातला ‘कोमो’ चहा-कॉफी संच, या सर्वांत नक्षी जवळजवळ नाहीशी होते आणि उजेड पृष्ठभागावर कसा वळेल, एवढाच विचार उरतो. इथे हात दिसतो तो ठोक्यांत नव्हे. तांबट ज्याला मठारणे म्हणतात ते काम यंत्राने घेतलेले असते. हात असतो तो मूळ नमुन्यात, पोलादी ठशाच्या कोरीवकामात आणि शेवटच्या घोटाईत, जिथे अगेट दगडाने दाबून चांदीला झिलई आणली जाते.

आता या कलेची आजची स्थिती. क्रिस्तोफ्लचे उत्पादन नॉर्मंडीतल्या यांव्हिल येथे चालते. १८२० मध्ये स्थापन झालेले प्युइफोर्का हे दुसरे रौप्यघराणे १९९३ पासून एर्मेस या ऐषारामी वस्तूंच्या समूहात आहे. स्टेनलेस स्टीलने रोजचे टेबल केव्हाच काबीज केले आहे आणि चांदी विकली जाते ती विवाहभेट किंवा ऐषारामाचे चिन्ह म्हणून. ज्या मुलाम्याने मध्यमवर्गाला राजाच्या मेजाशी बसवले होते, तो आता पुन्हा श्रीमंतांकडे परतला आहे. त्यातच प्रदर्शन भरवणाऱ्या संग्रहालयाचे क्रिस्तोफ्ल घराण्याशी जुने नाते आहे. ज्या संस्थेतून हे संग्रहालय वाढले तिच्या १८६४ मधल्या संस्थापकांत बुइए होता. अजूनही दुकाने चालवणाऱ्या कंपनीवरचे प्रदर्शन अशा ठिकाणी भरते, तेव्हा इतिहास आणि जाहिरात यांच्यातली सीमारेषा प्रेक्षकाला स्वतःच आखावी लागते.

एकमेव, राजेशाही वस्तूंना काचेची कपाटे सहज मिळतात, पण या घराण्याचा खरा वारसा हॉटेलांतून आणि घरांतून लाखो वेळा उचलल्या गेलेल्या चमच्यात आहे. चमच्याची पाठ टेबलावर टेकते तिथे चांदी आधी झिजते. झिजलेली भांडी पुन्हा कुंडात बुडवून चांदी चढवण्याचे काम या व्यवसायात आजही चालते. संग्रहालयातल्या चमच्याला मात्र ते कुंड बंद असते, कारण नवा थर चढला की जुन्या वापराच्या खुणा पुसल्या जातात आणि अभ्यासकाला हव्या असतात त्या नेमक्या त्याच.