शुभवर्तमानांची ऐतिहासिक विश्वसनीयता : साक्ष आणि संस्करण

येशूविषयीच्या प्रारंभिक ख्रिस्ती लेखनाच्या विश्वसनीयतेचा वाद बहुधा 'सर्व घडलेले' आणि 'सर्व रचलेले' अशा दोन टोकांवरून खेळला जातो. शुभवर्तमान हा एकसंध दस्तऐवज असून त्यावर एकदाच निवाडा देता येतो, हे गृहीत मात्र दोन्ही पक्षांना मान्य असते. वादाचा खरा दोष या गृहीतात आहे.

रिचर्ड बॉकहॅम यांच्या 'जीझस अँड द आयविटनेसेस' (२००६) या ग्रंथाने प्रत्यक्षदर्शी साक्षीचा पक्ष नव्या जोमाने मांडला. शुभवर्तमानांतील व्यक्तिनामांचे प्रमाण तत्कालीन पॅलेस्टाइनमधील ज्यू नामांच्या प्रमाणाशी जुळते, हा त्यांचा एक मुद्दा लक्षणीय आहे. परंतु त्यावरून परंपरेचा उगम त्या भूमीत झाला, एवढेच सिद्ध होते; अमुक प्रसंग तसाच घडला, हे नव्हे. खऱ्या गावची माणसेही कथा वाढवून सांगतात. शिवाय स्वतः लूक प्रस्तावनेत आपण प्रत्यक्षदर्शी असल्याचे म्हणत नाही. मूळ साक्षीदारांकडून चालत आलेले आपण शोधून लिहिले, एवढाच त्याचा दावा आहे.

संहितेचे थर कसे उकलतात, हे येशूच्या बाप्तिस्म्याच्या प्रसंगात दिसते. सर्वांत जुने मानले जाणारे मार्कचे शुभवर्तमान (सुमारे इ. स. ७०) तो संकोचाविना सांगते: योहान पापक्षमेसाठी पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देत होता आणि येशूने तो घेतला. मत्तयाच्या कथनात योहान आधी हरकत घेतो आणि येशूला तिचे निरसन करावे लागते. लूक योहानाच्या कारावासाची वार्ता आधी देतो व बाप्तिस्मा ओझरता उल्लेखितो. चौथ्या शुभवर्तमानात योहानाची साक्ष आहे, पण प्रत्यक्ष बाप्तिस्म्याचे वर्णन नाही. गुरूने शिष्यवत् नमावे, ही गोष्ट उत्तरोत्तर अडचणीची ठरत गेली. जी गोष्ट झाकताना इतके सायास पडले, ती या लेखकांनी रचलेली असणे संभवत नाही. अर्थात या निकषालाही मर्यादा आहे: मत्तयाला जे अडचणीचे वाटले ते मार्कलाही वाटलेच असेल, असे नाही. मात्र योहानाचे अस्तित्व व लोकप्रियता यांचा निर्वाळा ज्यू इतिहासकार जोसिफसही देतो, आणि तो येशूचा संबंध न जोडता.

जन्मकथेचे पारडे याहून हलके आहे. लूक आपल्या कथेचा आरंभ हेरोदाच्या काळात करतो आणि जन्म क्विरिनियसच्या नावनिशीच्या वेळी सांगतो. हेरोद इ. स. पू. ४ मध्ये वारला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जोसिफसच्या वृत्तान्तानुसार ती नावनिशी इ. स. ६ मधील. मधले दशक बुजवण्यासाठी आधीच्या एखाद्या नावनिशीची कल्पना केली जाते. तिला स्वतंत्र पुरावा नाही. इजिप्तमधील इ. स. १०४ चा आदेशही पुढे केला जातो, परंतु तो लोकांना स्वतःच्या घरी परतण्यास सांगतो, हजार वर्षांपूर्वीच्या पूर्वजाच्या गावी नव्हे. मत्तयाच्या कथेत नावनिशीच नाही. तेथे कुटुंब मुळात बेथलेहेमात असून नासरेथास नंतर जाते. दोन्ही कथांची वाट वेगळी, पण दोघांनाही येशू अखेर नासरेथकर ठरवावा लागतो. ते गाव सर्वज्ञात असल्यानेच बेथलेहेमची जुळवाजुळव करावी लागली असावी.

लूकची ही चूक दाखवून त्याचे समग्र लेखन निकालात काढणारे टीकाकार आणि ती चूकच नाही म्हणून अडून बसणारे समर्थक, दोघेही प्रसंगागणिक परीक्षेचे कष्ट टाळतात. त्या कष्टांची सर्वाधिक गरज पौलाच्या पत्रांबाबत आहे. इ. स. ५० च्या दशकातील ही पत्रे शुभवर्तमानांहून जुनी. पण त्यांत येशूच्या जीवनाचा तपशील अत्यल्प आहे. तरीही गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की, आपण यरुशलेमात केफासाकडे पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यासही भेटलो. प्रत्यक्षदर्शींच्या भेटीचा हा प्रथमपुरुषी उल्लेख पौल अभिमानाने नव्हे, तर आपली सुवार्ता माणसांकडून मिळालेली नाही हे ठसवण्यासाठी, जवळजवळ नाइलाजाने करतो. त्या पंधरा दिवसांत काय बोलणे झाले, ते तो लिहीत नाही.