लूज

इंग्रजी शब्दांशी माझं वैर नाही. स्टेशन आलं, पेन्सिल आली, मोटार आली. आपण त्यांना पाटावर बसवलं, ‘स्टेशनं’, ‘पेन्सिली’, ‘मोटारी’ असं त्यांचं अनेकवचन केलं आणि घरचंच करून टाकलं. त्यांच्यामुळे घरातल्या कोणाला उठावं लागलं नाही, कारण त्यांच्या जागी आधी कोणी बसलेलंच नव्हतं. माझी तक्रार आहे ती ‘लूज’ या एकाच पाहुण्याबद्दल. हा आला एकटा आणि त्याने घरातल्या दहा जणांना वळकट्या बांधायला लावल्या!

पाहा ना. शिंपी विचारतो, “साहेब, कमरेत लूज ठेवू?” वाणी म्हणतो, “पाकीट कशाला, चहा लूज घ्या की.” वायरमन पंख्याकडे न पाहताच निदान करतो, “कनेक्शन लूज आहे.” कॉमेंट्रीवाला लूज बॉलवर हळहळतो, ऑफिसातले साहेब कारकुनाला ‘लूज टॉक’ करू नका म्हणून बजावतात, आणि डॉक्टर कपाळाला आठ्या घालून विचारतात, “मोशन लूज?” एवढी खाती एकाच मंत्र्याकडे गेली, तर कारभार कसा चालणार?

बरं, हा शब्द मूळचा इंग्रजाचासुद्धा नाही. उत्तरेकडून गलबतांतून आलेल्या नॉर्स लोकांनी तो इंग्लंडात आणला. ‘होमलेस’, ‘युसलेस’ यांतलं शेपूट ‘लेस’ हे त्याचं सख्खं भावंड. भाषाशास्त्रज्ञ त्याचं मूळ आणखी मागे नेऊन आपल्या संस्कृतातल्या ‘लू’ धातूशी त्याची सोयरीक जुळवतात. ‘लूञ् छेदने’, म्हणजे कापणे. आपल्याकडे येऊन त्याने जी कापाकापी केली, ती पाहता हे कुळ मला पटतं.

इंग्रजाघरीही त्याला कामं थोडकी नाहीत. धनुष्यातून बाण सोडणं म्हणजे ‘लूज’. रिकामटेकडा माणूस हा दोरीच्या सुट्या टोकाला लोंबत असतो. कोणाचं ऐकेल, कोणावर उलटेल याचा नेम नसलेल्या माणसाला ‘लूज कॅनन’ म्हणतात. साखळी तुटून जहाजावर मोकाट फिरणारी तोफ म्हणजे काय संकट असतं, ते व्हिक्टर ह्यूगोने १८७४ सालच्या ‘नाइन्टी-थ्री’ या कादंबरीत दाखवलंच आहे. रेल्वेत इंजिनाने डब्याला ढकलून मोकळं सोडायचं आणि त्याने आपल्या वेगाने जाऊन दुसऱ्या डब्यांना धडकायचं, याला ‘लूज शंटिंग’ म्हणतात. गंमत म्हणजे ‘लूज’ करणं आणि ‘अनलूज’ करणं, दोन्हींचा अर्थ एकच! नकार लावूनही अर्थ जागचा हलत नाही.

पण इंग्रज हुशार. त्याने ‘लूज’ला राबवलं, तरी बाकीच्या नोकरांना काढून टाकलं नाही. दोर असला तर तो ‘स्लॅक’ म्हणतो, पाटलोण असली तर ‘बॅगी’, खुर्ची असली तर ‘रिकेटी’. आपण मात्र त्याच्याकडून एक गडी उसना आणला आणि आपले सगळे गडी घरी पाठवले.

कोण होते हे गडी? गाठ सैल असते, नाडा ढिला असतो. धाकट्याच्या अंगात थोरल्याचा सदरा ढगळ होतो. खुर्ची खिळखिळी होते, वीण विसविशीत होते, माती भुसभुशीत असते. भात मोकळा होतो, केस मोकळे सोडतात, गुरं मोकाट सुटतात. पैसे सुटे असतात आणि कारभार भोंगळ असतो. यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी जात नाही. मोकळा भात वाढला तर पाहुणे खूश होतात. ढिला भात वाढून पाहा! भुसभुशीत मातीत बी रुजतं. खिळखिळ्या मातीत काय रुजणार? ‘पोट लूज झालंय’ आणि ‘पोट सुटलंय’ यांत तर जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्यात माणूस जागेवर बसू शकत नाही, दुसऱ्यात जागेवरून उठू शकत नाही.

हे बारकावे टिपण्यासाठी मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज साहेबाने पंडितांना हाताशी धरून १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्तीही छापली. परक्याने जमवलं, आपण उधळतो आहोत.

कोणी म्हणेल, एवढं काय बिघडलं? बिघडतं, आणि तेही पोटाच्याच बाबतीत. आमच्या आज्या ‘जुलाब होतात’, ‘आव पडते’, ‘रक्ती आव आहे’, ‘ढाळ लागलेत’ असं वेगवेगळं सांगत. वैद्याला अर्धं निदान दारातच मिळे. (जुलाब या शब्दाचा मूळपुरुष फारसीतला गुलाब, हेही जाता जाता सांगतो, कुठून कुठे आला बिचारा!) आता सगळ्यांचं मिळून ‘लूज मोशन’. डॉक्टरांना पुढचे दहा प्रश्न विचारावे लागतात आणि शिकलेला रोगी दहाही प्रश्नांना लाजून “लूज, लूज” एवढंच म्हणतो.

माणसाच्या वागण्याचंही तेच. ‘लूज कॅरेक्टर’ हा शिक्का बहुतेक वेळा बाईवरच बसतो. मराठीत पुरुषासाठी ‘बाहेरख्याली’ असा ठसठशीत शब्द होता. तो मागे पडला आणि बाहेरचे ख्याल करणारे गृहस्थ शब्दाच्या कचाट्यातून सुटले. बायको मात्र अडकली.

सरकारलासुद्धा या शब्दाने घोर लावला होता. १९९८ साली दिल्लीत धोतऱ्यासारख्या दिसणाऱ्या पिवळ्या काटेरी झाडाच्या बियांचं तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं, माणसं सुजली, काही दगावली. त्याच वर्षी खाद्यतेल बांधीव विकावं असा केंद्राचा हुकूम निघाला.  पण हुकूम सुट्या तेलावर होता, ‘सुट्या’ या शब्दावर नव्हता. तो आपण आपल्याच खुशीने घालवला.

आता शेवटची गोष्ट. इंग्रज या शब्दाचा उच्चार ‘लूस’ असा करतो, सशातल्या ‘स’ने संपवून. आपण म्हणतो तो ‘लूज’, म्हणजे जहाजातल्या दुसऱ्या ‘ज’ने संपणारा शब्द इंग्रजीत आहे, पण तो वेगळा. त्याचा अर्थ गमावणे. म्हणजे शिंप्यापासून डॉक्टरांपर्यंत दिवसभर आपण एकमेकांना ‘गमवा, गमवा’ असंच सांगत असतो, आणि तेवढं मात्र अगदी चोख पार पाडतो.

तेव्हा माझी एक साधी सूचना आहे. पुढच्या खेपेला शिंप्याकडे गेलात की म्हणा, “कमरेत जरा सैलसर ठेवा.” तो टेप थांबवून विचारील, “म्हणजे लूज ना?”

“नाही,” म्हणावं, “सैलसर.”