अतिजलद लेसर वर्णपटविज्ञान आणि ‘कॅमेरा’ हे रूपक : एक चिकित्सा

प्रस्तावना :

अर्धवाहकावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला असता इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यात जातो व त्याच्यामागे धनप्रभाराप्रमाणे वागणारी रिक्त जागा, म्हणजे ‘होल’, उरते. ही दोन्ही परस्परांच्या आकर्षणाने बद्ध झाली की त्या अवस्थेस एक्सायटॉन म्हणतात. याकोव फ्रेंकेल यांनी १९३१ मध्ये ही संकल्पना मांडली. एक्सायटॉनच्या जीवनक्रमातील अनेक घडामोडी फेम्टोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाच्या दशलक्षांश भागांत, घडतात. त्या मोजणाऱ्या तंत्राचे वर्णन ‘सर्वांत वेगवान कॅमेरा’ असे केले जाते. अहमद झेवेल यांना १९९९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले तेव्हा पारितोषिकाच्या निवेदनातही हे रूपक होते. हे रूपक अध्यापनात कितपत ग्राह्य आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

१. प्रयोगाचे वास्तव स्वरूप :

या तंत्रात दोन लेसर स्पंद वापरतात. पहिला पदार्थास उत्तेजित करतो. दुसरा काही काळाने येऊन त्याची बदललेली स्थिती तपासतो. दुसऱ्या स्पंदाचा मार्ग आरशांच्या साहाय्याने ०.३ मायक्रोमीटरने वाढवला की त्यास सुमारे एक फेम्टोसेकंद उशीर होतो. येथे काळ मोजला जातो तो अंतराच्या द्वारे. शिवाय एका घटनेतून वाचन मिळत नाही. काही लेसर सेकंदाला सुमारे ८ कोटी स्पंद देतात. प्रत्येक विलंबासाठी असंख्य स्पंदांची सरासरी काढावी लागते. कॅमेरा एका क्षणाचे चित्र घेतो. येथे मात्र असंख्य समान घटनांच्या सरासरीतून आलेख सिद्ध होतो.

२. प्रकाशाची साक्ष :

रूपकाची दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. एक्सायटॉनच्या ऊर्जेइतक्या ऊर्जेचा प्रकाश बाहेर पडला म्हणजे तेथे एक्सायटॉन आहेत, असे दीर्घकाळ गृहीत धरले जाई. किरा, यान्के व कोख यांनी १९९८ मध्ये सैद्धांतिक विवेचनाने दाखवले, की बद्ध नसलेल्या इलेक्ट्रॉन-होल समूहातूनही त्याच ऊर्जेचा प्रकाश मिळू शकतो. तेव्हा जे दिसले ते एक्सायटॉनच होते काय, हा प्रश्न उभा राहिला. २००३ मध्ये काइंडल व सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या अतिपातळ थरांवर टेराहर्ट्झ स्पंदांचा वापर केला. हायड्रोजन अणूप्रमाणे एक्सायटॉनलाही अंतर्गत ऊर्जापातळ्या असतात. त्यांतील संक्रमण हा बद्ध अवस्थेचा थेट पुरावा ठरतो. म्हणजे निर्णायक ठरली ती योग्य प्रश्नाची निवड. केवळ वेग पुरेसा नव्हता.

३. पुण्यातील संशोधनाचा दाखला :

पुण्याच्या आयसर संस्थेतील पंकज मंडल व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये सिझियम लेड ब्रोमाइडच्या नॅनोस्फटिकांचा टेराहर्ट्झ पद्धतीने अभ्यास प्रसिद्ध केला. स्फटिकांचा आकार ११ नॅनोमीटर, तर मुक्त प्रभारवाहकांची विसरण-लांबी ९.२ मायक्रोमीटरहून अधिक, असे त्यात नमूद आहे. ही लांबी स्फटिकाच्या आकाराच्या आठशे पटींहून अधिक भरते! कॅमेऱ्याचे रूपक मनात असणारा विद्यार्थी येथे अडखळतो. ११ नॅनोमीटरच्या स्फटिकात वाहक इतका दूर गेलेला कोणी पाहिला? उत्तर असे, की कोणीही नाही. ही लांबी वाहकांची चलनशीलता व आयुष्य यांवरून काढलेली असते. ती पदार्थाची अंगभूत क्षमता सांगते. प्रत्यक्ष प्रवास सांगत नाही. संशोधनाचे मोल यामुळे कमी होत नाही. उलट ते नेमके कशात आहे हे कळते.

४. रूपकाच्या बाजूने :

ओकिनावा येथील केशव दाणी यांच्या गटाने २०२० मध्ये टंगस्टन डायसेलेनाइडच्या एकस्तरीय पटलातील ‘अदीप्त’ एक्सायटॉनचा थेट वेध घेतला. २०२१ मध्ये होलभोवतीच्या इलेक्ट्रॉनच्या वितरणाचे चित्रही दिले. कॅमेऱ्याच्या रूपकास सर्वांत जवळचे उदाहरण हेच. तथापि तेथेही प्रत्यक्ष मोजले गेले ते बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांचे संवेगवितरण. अवकाशातील चित्र गणिताने सिद्ध केले.

निष्कर्ष :

ज्या महाविद्यालयात असे उपकरण आहे तेथे रूपक चुकले तरी प्रयोग ते सुधारतो. देवळाली प्रवरासारख्या ठिकाणी पदवीच्या विद्यार्थ्याला फेम्टोसेकंद लेसर पाहावयास मिळणे दुर्मीळ. तेथे शिक्षकाचे रूपक हीच त्याची प्रयोगशाळा असते. म्हणून ते निवडताना अधिक जबाबदारी येते. बाजारात मडके घेताना आपण टिचकी मारून नादावरून त्याची पारख करतो, तडा डोळ्यांनी दिसत नसला तरी. पहिला स्पंद ही टिचकी, दुसरा स्पंद हे ऐकणे. या रूपकालाही मर्यादा आहेतच. परंतु प्रतिसादावरून अनुमान काढले जाते, हे मुख्य तत्त्व त्यात सुरक्षित राहते. ‘काय दिसले?’ याबरोबरच ‘कशावरून ठरवले?’ हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारावा, एवढे साधले तरी या विषयाचे अध्यापन सार्थकी लागेल.