लंपनचें लक्ष

शाळेंत ज्याचें लक्ष नाहीं अशा मुलावर मराठींत विनोद पुष्कळ झाला आहे. परंतु तें लक्ष त्या वेळीं गेलें कोठें, याचा शोध घेण्याची तसदी फार थोड्या लेखकांनीं घेतली. त्या थोड्यांत प्रकाश नारायण संत यांची गणना प्रथम करावी लागेल. 'वनवास' (१९९४), 'शारदा संगीत' (१९९७), 'पंखा' (२००१) आणि 'झुंबर' या त्यांच्या चारही पुस्तकांचा नायक लंपन हा आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांच्या घरीं शिकावयास ठेवलेला मुलगा आहे. गांव सीमेवरचें, तेथल्या मराठींत कानडी सहज मिसळते.

कथा लंपन स्वतःच सांगतो. एखादी गोष्ट किती वेळां घडली हें तो विलक्षण पण ठाम आकड्यांत सांगतो, आणि जें उमगत नाहीं तें 'मॅड'सारखें ठरवून पुढें जातो. आपण हंसतों तेथें तो मात्र गंभीरपणें हिशेब करीत असतो. वडीलकीच्या खुर्चींत बसून मुलाची गंमत पाहणारा लेखक येथें नाहीं, आणि आमच्या मतें हाच या विनोदाचा मोठा गुण होय. संत कऱ्हाडला भूशास्त्र शिकवीत. वरच्या थरावरून खालचा ओळखण्याची संवय त्यांना येथेंही उपयोगी पडली असावी, असें म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. कारण खालीं एक न सुटणारें कोडें आहे: आपल्यालाच घरापासून दूर कां ठेवलें? मोठीं माणसें शिक्षणाचें कारण सांगतात; मुलाचें समाधान होत नाहीं. त्याच्या साऱ्या कल्पनाविहारांस ही कळ लागून आहे.

आमच्या रत्नागिरींत थिबा राजवाड्यावरून शाळेस जाणारा एखादा मुलगा, १९१६ सालीं येथेंच वारलेला तो ब्रह्मदेशचा राजा दिवसभर काय करीत असेल, असें विचारूं लागला कीं आपण त्यास घड्याळ दाखवितों. लंपन वाचल्यावर तें घड्याळ दाखविणें जरा जड जाईल.

दोषही आहेत. 'मॅड'ची पुनरुक्ति पुढें पुढें शीण आणते. आणि झाडांचीं, उजेडाचीं वर्णनें कधीं कधीं त्या मुलाचीं न राहतां कवयित्री इंदिरा संत यांच्या पुत्राचीं होतात.

हीं पुस्तकें खास मुलांकरितां लिहिलेलीं नाहींत, आणि त्यांत मृत्यूचें दुःखही आहे. म्हणून तीं मुलांपासून दूर ठेवावीं, हें मात्र आम्हांस मान्य नाहीं. आरंभ गाण्याच्या वर्गाच्या 'शारदा संगीत' या कथेनें करावा, आणि ती घरांत मोठ्यानें वाचावी. मुलें कोठें हंसतात आणि आपण कोठें, हें ध्यानांत ठेवावें. 'वनवास' त्यानंतर.